बियांपासून लिंबाची रोपं: बी निवडण्यापासून पिवळ्या पानांच्या निदानापर्यंत

लिंबाचं बी उगवणं अवघड नाही. सरबतासाठी लिंबू पिळून कुंडीत टाकलेलं बीसुद्धा पावसाळ्यात वर येतं. कसोटी लागते ती त्यानंतर. चार-सहा पानं आली की रोप थबकतं, पिवळं पडतं, पानं वाकडी होतात, आणि मग घरातला प्रत्येकजण त्यात काही ना काही ओतायला लागतो: ताक, चहाचा चोथा, चमचाभर युरिया. पेरणीची पद्धत इथे पायरीपायरीने दिली आहेच, पण माझा आग्रह निदानाबद्दल आहे. लहान रोपाच्या बहुतेक तक्रारींचं मूळ पाण्यात आणि मातीत असतं, आणि काहींचं किडीत. निव्वळ खत कमी पडलं म्हणून आजारी पडलेलं रोप विरळाच. बिघाड नव्या पानावर आहे की जुन्या, एवढं आधी पाहिलं तरी अर्धं निदान होतं.

बी कोणाचं लावावं

कागदी लिंबाची लागवड महाराष्ट्रात आजही मोठ्या प्रमाणावर बियांच्या रोपांपासून होते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘साई सरबती’ आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाचे ‘विक्रम’ व ‘प्रमालिनी’ हे त्यातले परिचयाचे वाण. आंब्याच्या कोयीपासून आलेलं झाड आईसारखं निघेल याची खात्री नसते, मग लिंबाच्या बाबतीत ती बऱ्यापैकी कशी मिळते? कारण एका बीमध्ये एकाहून जास्त गर्भ असतात. त्यातला एक परागीभवनातून तयार होतो आणि बाकीचे मातृझाडाच्याच पेशींपासून. हे बाकीचे गर्भ हुबेहूब आईच्या वळणावर जातात. एका बीतून दोन-तीन कोंब निघालेले दिसतात ते याच कारणाने.

संत्र्याच्या बीतही असे अनेक गर्भ असतात, तरी घरी फळ खायचं असेल तर संत्र्याचं बी लावू नये असं मी स्पष्ट सांगेन. बियांवरचं संत्र्याचं झाड उंच, काटेरी होतं आणि फळावर यायला सात-आठ वर्षं, कधी त्याहूनही जास्त घेतं. म्हणून तर वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड या पट्ट्यात जंबेरी किंवा रंगपूर लाइम या लिंबूवर्गीय झाडांच्या खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या रोपावर, संत्र्याचा डोळा भरतात (संत्र्याची कळी बसवून कलम करतात). वरूड तालुक्यातलं शेंदूरजना घाट अशा कलमांसाठी ओळखलं जातं. मात्र तो खुंट बियांपासूनच वाढवावा लागतो, त्यामुळे जंबेरीची पन्हेरी (रोपांचा वाफा) टाकणाऱ्यालाही पुढचं सगळं तसंच लागू पडतं. मोसंबीचंही कलमच घ्यावं.

पपनस आणि म्हाळुंग यांच्या बीत एकच गर्भ असतो, त्यामुळे त्यांची रोपं एकमेकांपेक्षा आणि आईपेक्षा वेगळी निघू शकतात. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात जे फळ आहे ते म्हाळुंग. अंगणात हौसेनं एखादं झाड हवं असेल तर त्याचं बी जरूर लावा, फक्त फळ नेमकं कसं येईल हे गृहीत धरू नका.

कागदी लिंबाचं बियांवरचं झाड जमिनीत चार-पाच वर्षांत फळाला येतं. कुंडीत जास्त वेळ लागतो. बियांच्या रोपाचा एक फायदा फार बोलला जात नाही. लिंबूवर्गीय झाडांना पोखरणारे ग्रीनिंग आणि ट्रिस्टेझा हे दोन मोठे रोग व्यवहारात बियांमधून पसरत नाहीत. पहिला सिट्रस सायला किडीतून आणि दुसरा माव्यातून पसरतो, आणि कलमासाठी घेतलेल्या रोगट डोळ्यांतून दोन्ही. म्हणजे बियांचं रोप निरोगी अवस्थेत सुरुवात करतं. ते तसं टिकवणं आपल्या हातात असतं.

फळ आणि बी

फळ पूर्ण पिवळं झालेलं, झाडावरून काढलेलं घ्या. जमिनीवर पडून राहिलेलं फळ बियांसाठी वापरू नये, मातीतली मुळकुज करणारी बुरशी, म्हणजे फायटोफ्थोरा, त्यातून बियांबरोबर येऊ शकते. ओळखीच्या बागेतलं आठ-दहा वर्षांचं, दरवर्षी नेमाने फळणारं झाड मिळालं तर उत्तम. बाजारातल्या लिंबाचं बीही चालतं, पण शीतगृहात दीर्घकाळ राहिलेलं फळ टाळा.

फळाला मधोमध आडवी, उथळ चीर द्या आणि पिळवटून दोन भाग करा. सुरी आरपार घातली तर बिया कापल्या जातात. बिया चाळणीत घेऊन वाहत्या पाण्याखाली बुळबुळीतपणा जाईपर्यंत चोळून धुवा. हा चिकट थर राहिला तर बुरशी हमखास येते. मग त्या पाण्यात टाका आणि तरंगणाऱ्या काढून टाका. तळाशी बसलेल्या, भरीव आणि टपोऱ्या बियाच ठेवा.

यानंतर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची: लिंबाचं बी धान्यासारखं वाळवायचं नसतं. ते वाळलं की मरतं. वर्तमानपत्रावर सावलीत दोन-तीन तास ठेवून वरचं पाणी टिपलं गेलं की पेरा. लगेच जमणार नसेल तर किंचित ओलसर कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) मिसळून, पिशवीत बंद करून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. काही आठवडे ती चांगली राहतात.

व्यावसायिक रोपवाटिकेसाठी गरम पाण्याची प्रक्रिया करावी: ५२ अंश सेल्सियस पाण्यात १० मिनिटं, थर्मामीटर लावूनच. लगेच गार पाण्यात काढायचं. तापमान चार-पाच अंशांनी वर गेलं तर बी शिजतं, म्हणून घरी दहा-वीस बियांसाठी हा खटाटोप नको. ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीची पूड बियांना चोळली तरी पुरे.

बाहेरचं पांढरट साल नखाने सोलून पेरलं तर उगवण लक्षणीयरीत्या लवकर होते. मोजक्या बिया असतील तर हे करण्यासारखं आहे. टोकाकडून नव्हे, जाड बाजूकडून सोलायला घ्या, कारण मूळ टोकदार बाजूने बाहेर पडतं.

मिश्रण: निचरा आधी, पोषण नंतर

उगवणीसाठी बीला खत लागत नाही, बीच्या दलांत साठा असतो. लागतो तो ओलावा, ऊब आणि हवा. कोकोपीट दोन भाग, धुतलेली जाड वाळू किंवा परलाइट एक भाग आणि चाळलेलं गांडूळखत अर्धा भाग, एवढं पुरतं. कोकोपीटची वीट भिजवल्यावर दोन-तीनदा पाणी बदलून धुवा, स्वस्त विटांमध्ये क्षार असतात आणि पुढे पानांची टोकं करपतात ती कित्येकदा इथून.

माती वापरायचीच असेल तर काळी माती टाळा. पोयटा, वाळू आणि पूर्ण कुजलेलं शेणखत समप्रमाणात घ्या. अर्धवट कुजलेलं शेणखत ही लहान रोपांच्या मरण्यामागची नेहमीची गोष्ट आहे. ते कुंडीत कुजत राहतं, तापतं आणि मुळं भाजतं. जास्त रोपं करायची असतील तर एप्रिल-मे महिन्यात मिश्रण ओलं करून पारदर्शक प्लॅस्टिकखाली कडक उन्हात चार ते सहा आठवडे झाकून ठेवा. नागपूर-अमरावतीकडच्या उन्हात या एका उपायाने मातीतल्या बुरशीचा आणि तणाच्या बियांचा भार पुष्कळ कमी होतो. काळं प्लॅस्टिक वापरू नका, त्याने माती तितकी तापत नाही.

भांडं खोल हवं. लिंबाचं सोटमूळ उगवतानाच सरळ खाली उतरतं, आणि उथळ ट्रेमध्ये ते तळाला आपटून वळतं. हे वळण रोपाबरोबर मोठं होतं. पाच-सहा इंच खोलीच्या पिशव्या किंवा तळाला चार-पाच भोकं पाडलेले उंच ग्लास चांगले.

पेरणी आणि उगवण

बी एक ते दीड सेंटिमीटर खोल, टोकदार बाजू खाली करून किंवा सरळ आडवं ठेवा. टोक वर राहिलं तर मुळाला अर्धं वळण घेऊन खाली जावं लागतं. पेरल्यावर झारीने हलकं पाणी द्या आणि भांडं प्लॅस्टिकने सैल झाका. मिश्रण मुठीत दाबल्यावर थेंब न गळता ओलं लागलं पाहिजे.

ऊब २५ ते ३० अंशांच्या आसपास असली की दोन ते चार आठवड्यांत कोंब दिसतो. सोललेलं बी त्याआधीही दिसतं. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्च आणि जून-जुलै हे दोन काळ सोयीचे. नाशिक, विदर्भ किंवा मराठवाड्यात डिसेंबरात पेरलं तर रात्रीच्या गारठ्याने बी नुसतं पडून राहतं आणि कुजण्याचा धोका वाढतो. कोकणात आणि गोव्यात हिवाळ्याची अडचण नाही, तिथे आषाढ-श्रावणातल्या संततधारेपासून मात्र छपराखालीच पेरावं लागतं.

लंडनमध्ये किंवा न्यू जर्सीत खिडकीत लिंबू लावणाऱ्यांनी एप्रिलच्या सुमारास सुरुवात करावी. हिवाळ्यात पेरायचं तर खालून ऊब देणारी चटई आणि वरून दिवा, दोन्ही लागतात. भारतातून बिया किंवा रोपं सामानातून नेऊ नका. लिंबूवर्गीय झाडांच्या बाबतीत अमेरिकेचे नियम फार कडक आहेत, आणि ग्रीनिंगने तिथल्या फ्लोरिडातल्या बागांची जी वाताहत केली ती पाहता ते रास्तच आहेत.

कोंब वर आला की झाकण काढा आणि सकाळचं कोवळं ऊन लागेल अशी जागा द्या. बीची दलं मातीतच राहतात, वर येतात ती थेट खरी पानं. पहिली दोन पानं समोरासमोर असतात, पुढची आळीपाळीने. त्यामुळे पहिली जोडी वेगळी दिसली म्हणून घाबरू नका.

कधीकधी एखादा कोंब पूर्ण पांढरा निघतो. त्यात हरितद्रव्यच नसतं. बीवर वाढलेल्या काही बुरशींच्या विषामुळे असं होऊ शकतं. त्यावर लोह फवारून काही होत नाही. बीतला साठा संपला की तो कोंब मरतो, काढून टाकलेला बरा.

एका बीतून दोन-तीन कोंब आले तर चार-पाच पानं येईपर्यंत थांबा. मग सगळ्यांत जोमदार ठेवून बाकीचे मातीलगत कात्रीने कापा. उपटू नका, मुळं एकमेकांत गुंतलेली असतात. पंचवीस-तीस रोपं असतील तर त्यांची एकमेकांशी तुलना करा. बहुसंख्य रोपं उंचीला आणि पानाच्या आकाराला सारखी दिसतील, ती आईच्या वळणाची. फारच खुजी, अतिच उंच किंवा वेगळ्याच आकाराच्या पानांची रोपं बाजूला काढा. रोपवाटिकेतली ही निवड अनेकजण टाळतात आणि मग पाच वर्षांनी बागेत दोन झाडांची फळं वेगळी निघतात.

रोप कोलमडणं

संध्याकाळी ताठ असलेलं रोप सकाळी मातीलगत पिचकून आडवं पडलेलं दिसलं तर ती मर. पिथियम, फायटोफ्थोरा, रायझोक्टोनिया या बुरशी ती करतात आणि त्यांना साचलेलं पाणी, दाटी आणि कोंदट हवा लागते. पडलेलं रोप वाचत नाही. शेजारची वाचवायची असतात. पाणी ताबडतोब थांबवा, झाकण काढा, पडलेली रोपं त्यांच्या मातीसकट उचला आणि उरलेल्यांच्या मुळाशी कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम या प्रमाणात मिसळून थोडं थोडं ओता. ट्रायकोडर्मा त्याच आठवड्यात देऊ नका, तांब्याने तीही मरते. ती पेरणीच्या वेळी मिश्रणात घालण्याची गोष्ट आहे.

पिशवी बदलणं, पाणी आणि पहिलं खत

सहा-आठ पानांचं रोप मोठ्या पिशवीत न्या. मातीचा गोळा फोडू नका, मूळ तळाला वळलेलं असेल तर तेवढं टोक स्वच्छ कात्रीने छाटा. रोप पूर्वी जितकं खोल होतं तितकंच ठेवा. खोडाला माती लागून राहिली तर पुढे डिंक्याला (खोडातून डिंक गळण्याच्या रोगाला) वाट मिळते.

पाण्याचं वेळापत्रक नको. बोट दोन सेंटिमीटर आत घाला, कोरडं लागलं तर भोकांतून निथळेपर्यंत द्या, आणि खालच्या बशीत साचलेलं ओतून टाका. रोज घोटभर पाणी घालण्याची सवय सर्वांत वाईट: वर चिखल राहतो, खालची मुळं कोरडी पडतात आणि क्षार तसेच साचतात.

पहिल्या सहा आठवड्यांत खत देऊ नका. त्यानंतर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) हे विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम, पंधरवड्यातून एकदा, ओल्या मातीत. याहून जास्त लागत नाही.

पान वाचणं

आता मुख्य भाग. रोप हातात घ्या, उजेडात धरा आणि क्रमाने पाहा. बिघाड शेंड्याच्या कोवळ्या पानांवर आहे की खालच्या जुन्या? पिवळेपणा मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखा आहे की एकीकडे जास्त? शिरा हिरव्या आहेत की त्याही पिवळ्या? पानाची खालची बाजू पाहिली का? आणि कुंडीच्या भोकाशी नाक नेऊन वास घेतला का? या शेवटच्या प्रश्नाला हसू नये, कुजक्या मुळांचा आंबूस वास कित्येक फवारण्या वाचवतो.

झाड काही अन्नद्रव्यं जुन्या पानांतून काढून नव्यांना देऊ शकतं, जसं नत्र आणि मॅग्नेशियम. त्यांची उणीव जुन्या पानांवर आधी दिसते. लोह, जस्त, मँगनीज हलवता येत नाहीत, म्हणून त्यांची उणीव नव्या पानांवर उमटते. हे एक सूत्र कळलं की अंदाजाने खत देणं थांबतं.

नवं पान फिकट पिवळं, जवळजवळ पांढुरकं, आणि त्यावर शिरांचं बारीक हिरवं जाळं असेल, तर ती लोहाची उणीव. पानाचा आकार बहुधा नेहमीइतकाच असतो. मातीत लोह नसतं असं क्वचितच होतं, ते मुळांना घेता येत नसतं. लिंबाला मातीचा सामू (आम्लता मोजणारा पीएच) सहा ते सातच्या दरम्यान मानवतो. मराठवाडा-विदर्भातल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत तो साडेसातच्या वर असतो आणि बोअरच्या जड पाण्यातले बायकार्बोनेट कुंडीतल्या चांगल्या मिश्रणाचाही सामू हळूहळू चढवतात. लंडनच्या नळालाही असंच जड पाणी येतं. अशा वेळी हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, मातीत घातलं तर ते लगेच निरुपयोगी रूपात जातं. चिलेटेड लोह (मुळांना घेता येईल अशा रूपात बांधलेलं) घ्या, पण डब्यावर वाचून: ईडीटीए प्रकारचं लोह सामू साडेसहाच्या वर गेला की टिकत नाही, ईडीडीएचए प्रकारचं विम्लधर्मी, म्हणजे जास्त सामूच्या, मातीतही टिकतं. ते लालसर तपकिरी असतं आणि मुळाशी द्यायचं असतं. त्याहून महत्त्वाचं, पाणी बदला. पावसाचं साठवलेलं पाणी या रोपांना मिळालं तर दोन-तीन पालव्यांत फरक दिसतो. ते नसेल तर पाण्यात थोडं लिंबूसत्व विरघळवून पट्टीवर सामू सहा ते साडेसहा आणा.

आधीच पिवळी झालेली पानं पूर्ण हिरवी होतीलच असं नाही. उपाय लागू पडला की नाही हे पुढच्या पालवीवरून ठरवा. आठवडाभरात पान सुधारलं नाही म्हणून मात्रा दुप्पट करणं घातक आहे.

नवी पानं लहान, अरुंद, टोकदार, जवळजवळ लागलेली आणि शिरांच्या मधे ठळक पिवळे पट्टे असतील तर जस्त. लिंबूवर्गात ही उणीव फार आढळते. बागेत झिंक सल्फेट ५ ग्रॅम आणि कळीचा चुना अडीच ग्रॅम प्रतिलिटर असं फवारतात, चुना पानं करपू नयेत म्हणून. कोवळ्या रोपाला याच्या निम्मं पुरे, किंवा चिलेटेड जस्त लिटरला अर्धा ग्रॅम, संध्याकाळी. पानाचा आकार नेहमीसारखा, पण शिरांच्या कडेने रुंद हिरवे पट्टे आणि मधे फिकट हिरवं असेल तर मँगनीजकडे बोट जातं. बहुधा ही दोन-तीन लक्षणं एकत्रच असतात, कारण मूळ दोष सामूचा असतो.

खालच्या जुन्या पानांवर देठाकडे हिरवा त्रिकोण राहिला आहे आणि बाकी पान पिवळं झालंय? ते मॅग्नेशियम. मॅग्नेशियम सल्फेट लिटरला ५ ग्रॅम, पंधरा दिवसांच्या अंतराने दोन-तीन फवारण्या. जुनं पान सरसकट फिकं, शिरांसकट, आणि रोप खुंटलेलं असेल तर नत्र, तिथे वरचं १९:१९:१९ वेळेवर द्या.

यातलं कुठलंच चित्र नीट जुळत नाही, शिराच पिवळ्या पडल्यात, पान मलूल आहे आणि माती मात्र ओली आहे? रोप हलकेच पिशवीतून काढून मुळं पाहा. निरोगी मूळ पांढरट-पिवळसर आणि ताठ असतं. तपकिरी मूळ बोटांत धरून ओढल्यावर वरची साल निघून आत दोऱ्यासारखा गाभा उरला, तर ती मुळकुज. हे रोप ओलं असूनही तहानलेलं असतं, आणि आपण ते मलूल पाहून आणखी पाणी घालतो. कुजलेला भाग कापा, नव्या निचऱ्याच्या मिश्रणात लावा, सावलीत ठेवा, पाणी हात राखून द्या. खत अजिबात नको.

डिसेंबर-जानेवारीत सगळंच रोप किंचित पिवळसर होतं, ते बहुधा थंडीने. माती १३ अंशांच्या खाली गेली की लिंबाची मुळं जवळजवळ थांबतात. फेब्रुवारीची ऊब आली की रंग परततो. तोवर पाणी कमी करा, बाकी काही करू नका.

टोकं आणि कडा तपकिरी करपणं हे क्षारांचं लक्षण: जड पाणी, न धुतलेलं कोकोपीट, किंवा जास्त खत. कुंडीच्या काठाला पांढरा थर दिसेल. कुंडीच्या दुप्पट-तिप्पट गोड पाणी सोडून क्षार वाहून जाऊ द्या.

वळलेली, खाल्लेली, डागाळलेली पानं

पानावर चंदेरी नागमोडी रेघ आणि पान गुंडाळलेलं, ही नागअळी. ती पानाच्या सालीखाली राहते, म्हणून वरून मारलेलं औषध आत पोचत नाही. तिला फक्त कोवळं पान चालतं. म्हणून नवी पालवी बोटाच्या पेराएवढी झाली की निंबोळी तेल लिटरला ५ मिलि, थोडा साबण मिसळून, आठवड्याच्या अंतराने दोनदा फवारा, संध्याकाळीच. पान पक्कं झालं की धोका टळतो. दहा पानांच्या रोपाची नागमोडी पानं सगळी तोडू नका, त्यांचा उरलेला हिरवा भाग रोपाला पोसतो. अपवाद एकच: त्यावर खैऱ्या या रोगाचे (तो पुढे दिला आहे) डाग आले तर तोडा.

पानाला कडेने मोठे घास घेतलेले दिसले तर पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळी-पांढरी अळी शोधा. मोठी झाली की ती हिरवी होते आणि बोट लावल्यावर डोक्यामागून नारिंगी-लाल शिंगं काढून उग्र वास सोडते. ही लिंबावरच्या फुलपाखराची अळी. लहान रोप ती दोन दिवसांत ओकंबोकं करते. सकाळी रोप पाहायचं आणि अळी उचलायची, एवढंच. कोवळ्या पानांवर एकेक ठेवलेली पिवळसर गोल अंडीही बोटाने पुसता येतात. घराजवळ कढीपत्ता असेल तर तीच अळी तिथेही असते, ती उचलून तिकडे सोडली तरी चालेल.

शेंडा वळलेला, चिकट, आणि मुंग्यांची रांग लागली असेल तर मावा किंवा सायला. साबणाच्या पाण्याने मावा जातो. सायलाची पिवळसर पिल्लं पांढरे मेणचट धागे सोडतात, ती दिसली तर हयगय नको, कारण ग्रीनिंग तीच आणते. निंबोळी तेल फवारा आणि गच्चीत कुंती किंवा कढीपत्ता असेल तर तेही तपासा, सायला त्यांवरही राहते. ग्रीनिंगची ओळख अशी की पिवळे ठिगळ मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे पडतात. जस्ताचे पट्टे दोन्हीकडे सारखे असतात. मोठ्या झाडापासून लांब, जाळीत वाढवलेल्या रोपाला हे सहसा होत नाही.

कागदी लिंबाचं खरं दुखणं खैऱ्या. पानाच्या दोन्ही बाजूंना खरखरीत, तपकिरी, फुगीर ठिपके आणि भोवती पिवळं वलय. हा जिवाणूजन्य रोग आहे, वाऱ्यासह येणाऱ्या पावसाने पसरतो आणि नागअळीच्या जखमांतून सहज आत शिरतो. म्हणून कोकणातल्या पावसाळ्यात लिंबाची रोपं उघड्यावर वाढवणं कठीण. डागी पानं-फांद्या कोरड्या दिवशी तोडून जाळा, कात्री स्पिरिटने पुसा, कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच-तीन ग्रॅम फवारा आणि पानांवर पाणी पडू देऊ नका. खोडावर डाग आले असतील तर ते रोप ठेवू नका, शेजाऱ्यालाही देऊ नका.

रोप बाहेर कधी लावायचं

बारा महिन्यांनंतर, पेन्सिलइतकं खोड आणि दीड फुटांच्या आसपास उंची आली की रोप जमिनीत लावायला तयार. जून-जुलैत पाऊस बसला की लावा. त्याआधी दोन आठवडे ते हळूहळू पूर्ण उन्हात आणा, जाळीतलं रोप एकदम उन्हात ठेवलं तर पानं पांढरी भाजतात. भारी जमिनीत सपाट खड्ड्यात न लावता फूटभर उंच वरंब्यावर लावा. मातीचा गोळा जमिनीच्या रेषेपेक्षा बोटभर वर राहू द्या, कारण माती पुढे बसते. पाण्याचं आळं खोडापासून लांब करा, पाणी खोडाला भिडता कामा नये. रोप मोठ्या कुंडीत ठेवायचं असेल तर आधी १२ इंची आणि पुढच्या वर्षी १८ इंची घ्या. लहान रोप एकदम मोठ्या कुंडीत लावलं तर भोवतीची माती ओलीच राहते आणि मुळकुजीचा सगळा प्रश्न पुन्हा उभा राहतो. कोवळे काटे मोडू नका. बियांच्या रोपाला ते असतातच, वय वाढलं की वरच्या फांद्यांवर कमी होत जातात.